क्लेमचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा

रॉसने आईला जेवणाच्या टेबलावर स्पष्टच सांगून टाकलं होतं. शनिवारी सकाळी तिची मोटरसायकल धडपणे चालली, तर ती मेंढ्या गोळा करायला येईल. नाही चालली, तर जेवणाचे डबे घेऊन बाबांबरोबर गाडीत.

"अडुसष्ट वर्षांची झालीस, आई. आणि तो खटारा चाळीसचा."

"खटारा कोणाला म्हणतोस रे? पाच वर्षांचा होतास, तापाने फणफणला होतास, तेव्हा माळावर उतरलेल्या डॉक्टरच्या विमानापर्यंत तुला याच बाइकने पोचवलं."

"म्हणूनच म्हणतो, आता तिला आराम दे."

आराम कोणाला द्यायचाय हे वेल्माला बरोबर कळलं. लोकर कातरणीच्या आधी मेंढ्या हाकून आणायच्या, हे काम तिने चाळीस वर्षं त्याच बाइकवर बसून केलं होतं. एकदा का डब्यांच्या गाडीत बसवलं, की तिथून कोणी उतरू देत नाही, हे तिने शेजारपाजारच्या बायांचं पाहिलं होतं. आणि शेजार म्हणजे तरी काय, साठ किलोमीटरवरचा.

बाइकचं दुखणं असं होतं. एप्रिलपासून शेडमध्ये उभी असलेली बाइक तिने ऑगस्टमध्ये बाहेर काढली. ती चालू झाली, पण जरा रेस दिली की खोकायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. प्लग काढला तर काजळीने माखलेला. म्हणजे पेट्रोल जास्त येतंय. शेजाऱ्यांशी बोलायच्या रेडिओवरून सगळ्या मुलखाने निदान केलं: कार्बोरेटर झिजला, दुसरं काय! वेल्माने नवा मागवला. टपालाच्या ट्रकमधून तो आला, तो थेट सहा आठवड्यांनी, गुरुवारी.

शुक्रवारी सकाळीच तिने बाह्या सरसावल्या. पेट्रोलचा कॉक बंद केला, जुना कार्बोरेटर उतरवला, नवा बसवला, केबल जोडली. फोमचा एअर फिल्टरही नवाच आणला होता. तो तेलात बुडवून पिळला आणि बाजूच्या झाकणातून आत सरकवला. इथली लाल धूळ मैद्यासारखी बारीक. फिल्टर न लावता, झाकण उघडं ठेवून इंजिन मिनिटभर जरी चालवलं, तरी या मुलखात लोक नावं ठेवतात. वेल्माने उभ्या जन्मात तसं केलं नव्हतं, आणि या शिस्तीनेच तिला दगा दिला, कारण एकदा जरी तसं केलं असतं तर रोग तिथल्या तिथे कळला असता.

तिसऱ्या किकला बाइक चालू झाली. वेल्माने आनंदाने आरोळी ठोकली आणि रेस दिली. खॉक, खॉक, काळा धूर, बंद.

तिने कार्बोरेटर पुन्हा उघडला. सुई पाहिली, जेट फुंकले, फ्लोट मोजला. सगळं जागच्या जागी. पुन्हा बसवला, पुन्हा धूर. दिवस मावळेपर्यंत तिने तो चार वेळा काढला आणि चार वेळा घातला. शेवटी पाना खाली ठेवून ती तेलाच्या डब्यावर बसली आणि तिला रडू आलं. लोखंडापायी रडणारी बाई नव्हती ती. रडू आलं ते त्या गाडीतल्या डब्यांचं.

शनिवारी सकाळी ती टेबलाशी मुकाट्याने पावात मटण भरत होती. समोर नवरा क्लेम बूट चढवत बसला होता.

"माझा दुसरा मोजा काही सापडला नाही हं," तो म्हणाला. "लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. एप्रिलपासून शोधतोय."

हे रडगाणं ती रोजच ऐकायची, पण आज तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. एका पायात लाल-पिवळा, दुसऱ्यात करडा. एप्रिलपासून!

वेल्माने कपाळावर हात मारला आणि सुरी टाकून शेडकडे धावत सुटली.

या भागात कुंभारमाश्या कुठलंही भोक सोडत नाहीत, आत मातीचं घर बांधून मोकळ्या होतात. म्हणून बाइक उभी करून ठेवताना जो तो सीटखालच्या हवेच्या तोंडात चिंधी कोंबतो. एप्रिलमध्ये तिला चिंधी मिळाली नव्हती. दोरीवर मोजे वाळत होते.

तिने सीट उचकटली, बोटं घातली आणि ओढलं. धुळीने माखलेला पट्ट्यापट्ट्यांचा मोजा बाहेर आला. बिचारीचा श्वासच कोंडला होता, आणि सगळ्यांनी मिळून तिचा कार्बोरेटर बदलला होता!

पहिल्या किकला बाइक गरजली. वेल्माने पिळून रेस दिली, तर आवाज कसा स्वच्छ, खणखणीत. अंगणाला तीन फेऱ्या मारून, कोंबड्या उधळून ती थांबली, तर समोर रॉस.

"चालली की! काय झालं होतं?"

मोजा तिच्या हातातच होता. मी विसरले म्हणावं, तर हा म्हणणार, बघ, मी सांगत नव्हतो?

"मोजा मी कोंबला होता," मागून क्लेम म्हणाला.

"तुम्ही? आणि एप्रिलपासून शोधताय?"

"विसरलो. सत्तरीचा माणूस आहे मी. बसव मला डब्यांच्या गाडीत."

"बाबा, तुम्ही गाडीतच आहात."

"मग मिटलं तर."

दुपारपर्यंत वेल्माने झाडीतून सातशे मेंढ्या बाहेर काढल्या. केसांत, दातांत धूळ होती आणि ती इतकी खूश होती, की एका आडमुठ्या मेंढ्याला तिने चक्क गाणं म्हणून दाखवलं. पाण्याच्या टाकीपाशी सगळे चहाला थांबले, तेव्हा ती क्लेमशेजारी टेकली.

"खोटं का रे बोललास?"

"माझा मोजा. मी त्याच्याबद्दल वाट्टेल ते बोलेन."

वेल्मा खळखळून हसली. मग तिने मोठ्याने हाक मारली, "रॉस! मोजा मी कोंबला होता. मीच विसरले."

रॉसच्या तोंडात घास होता. त्याने टाकीभोवती दाटलेल्या मेंढ्यांकडे पाहिलं. "ठाऊक आहे. बाबांना त्या बाइकची सीट कुठून उघडते ते तरी माहीत आहे का?" घास गिळून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी टायर बदलून घे. मागचा गुळगुळीत झालाय."

क्लेमने बूट काढला, पायातला लाल-पिवळा मोजा ओढला आणि तिच्या मांडीवर टाकला.

"हाही घे. आणि पुढच्या वेळी टोक बाहेर लोंबतं ठेव, म्हणजे मला दिसेल."