बाबांचं पोट

"आत्या, बाबा पोटुशी आहेत का बघ," कोमलान म्हणाला आणि स्वतःच खिदळला.

घरातल्या अजगराला बाबाच म्हणायचं, मग तो नर असो की मादी. किनाऱ्यावरच्या या गावात तशी रीतच होती. आणि दीक्षा घेतलेल्या बाईशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही. भावाच्या घरात अग्बेसीला मान होता तो एवढ्यापुरताच.

"तुला कशाला नसत्या चौकशा?"

"कोतोनू शहरातला व्यापारी अंड्यांवरच्या माद्या नेतोय. अंडी असतील तर द्यायचे. नसतील तर विषय संपला."

"देवाला विकतोस? लाज नाही वाटत मेल्या?"

"देव आयतं खातो, आत्या. तूही खातेस."

अग्बेसी माठाकडे वळली. बाबा पाण्याच्या गार माठाला वेटोळं घालून पडले होते. टाकलेला उंदीर त्यांनी हुंगलाही नव्हता. तिने त्यांना हलकेच उचललं आणि पोटाखाली अंगठा धरून हातातून पुढे सरकू दिलं. शेपटीकडच्या अर्ध्या भागात अंगठ्याला एक गाठ लागली. मग दुसरी, तिसरी. माळेतल्या मण्यांसारखी ओळच होती.

असाच अंगठा एकदा तिच्या पोटावरून फिरला होता. चार बायकांसमोर सासूने ओटीपोट दाबून पाहिलं होतं आणि ती म्हणाली होती, "रिकामी." त्याच आठवड्यात तिचं गाठोडं बांधून तिला माहेरी धाडलं. त्या म्हातारीला तिने कधी माफ केलं नाही.

"रिकामे आहेत," अग्बेसी म्हणाली.

"नक्की?"

"बाबांना हातात धरून खोटं बोलेन का मी?"

ती खोटंच बोलली होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी पोट आपण राखलं, या आनंदात तिला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुरावर वाळवलेली मासळी घेऊन बाजारात गेली. परतली तर माठाजवळ कुणीच नव्हतं. अंगणात कोमलान मक्याची उकड खात बसला होता.

"बाबा कुठायत?"

"चामडंवाला आला होता. कमरेचे पट्टे करतात ते." त्याने मान वर केली नाही. "मी हात नाही लावला हं. त्याची माणसं परगावची. त्यांनीच पोत्यात भरलं."

"विषय संपला म्हणाला होतास ना तू!"

"अंड्यांवालीचा संपला. रिकामीला दुसरं कोण घेणार?"

अग्बेसीने डोक्यावरची टोपली खाली टाकली. "अरे, पोटात अंडी होती रे."

कोमलानचा घास हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस? व्यापाऱ्याने जिवंत ठेवली असती. अंडी घातली की माद्या पुन्हा रानात सोडतात. रिकामी तूच म्हणालीस, आत्या."

तिला त्याचा संताप आला, पण शिवी देता आली नाही. तो शब्द तिचाच होता.

घरचा अजगर गेला की पांढऱ्या कापडात गुंडाळून माणसासारखा पुरतात. तिने पेटीतून कापड काढलं. पुरायला काहीच नव्हतं. मग फळीवर जपून ठेवलेली बाबांची जुनी कात तिने त्यावर लांब पसरली. गुंडाळण्याआधी तिचा अंगठा सवयीने कातीवरून फिरला, शेपटीपर्यंत.

पोकळ कात नुसती कुरकुरली. तिने कापडाला गाठ मारली आणि फावडं उचललं.