नेरिसच्या कोंबड्यांचं अंगण

त्या हिवाळ्यात वेल्सच्या डोंगरात पावसानं उसंत म्हणून दिली नाही. एम्लिनच्या घरामागचं कोंबड्यांचं जाळीबंद अंगण म्हणजे नुसता राडा झाला होता. एका सकाळी दाणे टाकायला गेलेली त्याची बायको नेरिस एकाच पायात बूट घालून परत आली. दुसरा चिखलात रुतून बसला होता.

एम्लिन खिडकीशी बसून हे बघत होता. आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि बाहेरची सगळी कामं बायकोच्या गळ्यात आली होती. ते त्याला फार लागायचं. लागलं की तो हुकूम सोडायचा.

"खडी टाक. एकदाच टाक नि मोकळी हो."

"खडीवर दिवसभर अनवाणी उकरून दाखव, मग टाकते," नेरिस म्हणाली. "एका कोंबडीच्या तळव्याला आधीच गळू झालंय."

शेजारचा टेगिड चहाला आला होता. त्यानंही तोंड घातलं. "पेंढा पसर गं. माझी आई पेंढाच पसरायची."

"तुझ्या आईच्या कोंबड्या छपराखाली होत्या, टेगिड. माझ्या पावसात आहेत."

वाद न घालता तिनं अंगणाचे तीन भाग केले. एकात पेंढा, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात शेकोटीच्या लाकडांच्या बारीक ढलप्या. आठवडाभरात पेंढ्याचा कुजका लगदा झाला, नाकाला रुमाल लावावा असा. वाळू तर चिखलानं गिळूनच टाकली. ढलप्यांवर मात्र पाणी थांबेना, आणि सगळ्या कोंबड्या तिथंच दाटीवाटीनं उकरत बसल्या.

"बघ, त्यांनीच निवडलं," नेरिस म्हणाली.

"पण एवढ्या ढलप्या आणणार कुठून?" एम्लिननं विचारलं.

त्याचं उत्तर रस्त्यावरूनच आलं. वादळात पडलेली झाडं कापणारी माणसं यंत्रातून फांद्यांच्या ढलप्या करत होती. नेरिस सरळ त्यांच्या ट्रकसमोर हात पसरून उभी राहिली. "हे सगळं फेकणार असाल तर माझ्या दारात फेका!" माणसं हसली, आणि दुपारी दारात ढलप्यांचा डोंगर उभा राहिला.

ती लगेच पसरायला गेली नाही. आधी वरचा चिखल खरवडला, मग उताराच्या बाजूनं चर खणून पाण्याला वाट दिली. सदुसष्ट वर्षांची बाई, कंबर धरून सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. एम्लिनला खिडकीशी बसवेना. तो काठी टेकत बाहेर आला.

"दाताळं दे इकडं."

नेरिसनं त्याच्या हाताकडे पाहिलं. 'जमेल का' असं तिनं विचारलं नाही. दाताळं त्याच्या डाव्या हातात दिलं आणि ढलप्यांची पहिली हातगाडी त्याच्यापुढे ओतली. तो काखेत दांडा धरून ओढत राहिला. ओळी वाकड्या झाल्या, पण ढीग पसरला. वीतभर जाड थर झाला तेव्हा दोघांचेही श्वास फुलले होते.

पुढच्याच आठवड्यात तीन दिवस संततधार लागली. पाऊस थांबताच टेगिड गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून आला, थोडी मजा बघायलाच. त्यानं जाळीचं दार उघडलं, एक पाय टाकला, मग दुसरा. पाय रुतला नाही. चरातून पाणी खळखळत खाली चाललं होतं आणि कोंबड्या ढलप्या उडवत किडे शोधत होत्या.

"कुणी सुचवलं रे तुला हे, एम्लिन?"

"मला?" एम्लिन म्हणाला. "मी खडी म्हणत होतो, तू पेंढा. आपल्या दोघांचं ऐकलं असतं तर बाई आज पोहत असती." त्यानं नेरिसकडे मान वळवली. "हिनं केलंय. चर, ढलप्या, सगळं."

"दाताळं कुणी ओढलं?" नेरिस म्हणाली.

त्या रविवारी प्रार्थनेहून परतताना एम्लिननं चार पाहुणे घरी आणले. चहा नंतर, आधी मागं चला, म्हणाला. आणि पॉलिश केलेल्या काळ्या बुटांसकट तो ताठ मानेनं कोंबड्यांमध्ये जाऊन उभा राहिला.