गोरक्षमहाराज आणि ओढ्याचं पाणी

ओढ्याकाठी तीस-चाळीस माणसं हात जोडून उभी होती. मध्ये, अगदी पाण्याच्या कडेला, शेंदूर फासलेला लोखंडी खांब, पुढं नारळांचा ढीग आणि ढिगामागं डोळे मिटून बसलेला गोरक्ष. दोन पावसाळे त्याचा शब्द चुकला नव्हता. तो सांगेल तेवढंच पाणी ओढ्याला असायचं.

"जलमाता बोलली! गुडघाभर पानी, चाल गाईची. जा बिनघोर!"

छबूबाई तापानं फणफणलेली नात कडेवर घेऊन पाण्याकडं निघाली. दवाखाना पलीकडं, तिसगावात.

माझं डोकंच फिरलं. मी इथल्या शाळेत गणित शिकवते. तो खांब मीच रोवलेला. हाच गोरक्ष चार वर्षं माझ्याबरोबर त्यावर पाण्याची उंची वाचायचा, लाकडाचा तुकडा सोडून वेग मोजायचा. वर डोंगरात किती पाऊस झाला की इथं पाणी किती खोल आणि किती जोरात येईल, याचा तक्ता आम्ही त्यातून बसवला. गावाला फुकट सांगितला, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मला ताई म्हणणारा हा माणूस माझी वही घेऊन गेला आणि महाराज झाला. डोंगरातल्या मेव्हण्यानं फोनवर तिकडचा पाऊस सांगितला की हा डोळे मिटायचा.

पण यंदा उन्हाळ्यात पोकलेननं ओढा खोल केला, ते वहीत कुठून असणार? आणि खांबावरचे आकडे भक्तांच्या शेंदरानं बुजलेले.

मी छबूबाईचा हात धरला आणि तिच्यासमोर पाण्यात बांबू खुपसला. तो माझ्या छातीएवढा भिजला. ढिगातला एक नारळ प्रवाहात सोडला, तर बघता बघता दिसेनासा झाला. मग गोरक्षाच्या आसनाखालून वही ओढली, माझ्याच अक्षरातली, आणि सगळ्यांना वाचून दाखवली.

"गोरक्ष, आज दोघी गेल्या असत्या रे."

त्यानं मान वर केली नाही. "ताई, तुमी खरं सांगत हुता, तवा कोन ऐकत हुतं?"

फार लागलं ते मला. त्यानं दगा दिला होताच, पण गावानंही मला कुठं जवळ केलं होतं?

मी गर्दीकडं वळले. "अहो, तक्ता म्हणजे मागच्या पाण्यावरून बांधलेला अंदाज. ओढा बदलला की तो चुकतो, पुन्हा मोजलं की सुधारतो. देवीच्या तोंडी घातलात, तर चूक दाखवणार कोण? म्हणून कुणीही सांगो, मीसुद्धा, आधी बांबू घालून बघा."

छबूबाई नातीला ट्रॅक्टरवरून लांबच्या पुलानं घेऊन गेली. संध्याकाळी परतली ती थेट खांबापाशी, आणि विळ्यानं शेंदूर खरवडायला लागली.

"मॅडम," ती म्हणाली, "ह्ये आकडे मला वाचाया शिकवा."