जांभळाची बरणी

सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर माझे बाबा, जिवा, पिण्यात नावाजलेले. आई तापानं गेली तेव्हा ते मोहाची पिऊन अंगणात पडले होते. शुद्धीवर आल्यावर त्यांनी तिच्या नावानं शपथ घेतली, भट्टीतून उतरलेला थेंबही पुन्हा तोंडाला लावणार नाही. लोक हसले. बाबांनी ती पाळली.

पुढे दाभोशाच्या हेमंतशी माझं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. आमच्याकडे मांडवात दोन्ही व्याह्यांनी एकमेकांच्या हातचा पेला घेतल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही. बाबांना जेवण जाईना. शपथ मोडली तर आईचा अपराध, पाळली तर माझ्या लग्नात खोट.

मला मात्र वाईन आठवली. मी नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात मजुरीला जायची, तिथली मालकीण घरीच वाईन करायची. रस आपला आपण आंबतो, विस्तव लागतच नाही, हे पाहून मी चाट पडले होते. भट्टीच नाही, म्हणजे शपथ शाबूत!

जांभळं पिकली तशी मी कामाला लागले. खोडाळ्याच्या बाजारातून चिनी मातीची बरणी आणली, उकळत्या पाण्यानं धुतली. जांभळं हातानं कुस्करली, बी फुटू दिली नाही, साखर आणि मालकिणीनं दिलेलं खमीर घातलं. काही दिवस रोज ढवळून मग रस गाळला. झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात सोडलं, म्हणजे आतला वारा बाहेर जाईल, बाहेरचा आत येणार नाही. नळी बुडबुडायला लागली की बाबा शेजारी येऊन बसायचे.

"जिवंत हाय गे," म्हणायचे.

किती सुखाचे होते ते दिवस! भातलावणीहून चिखलाच्या पायांनी यायचं आणि आधी बरणीला कान लावायचा. बुडबुडे थांबल्यावर गाळ खाली ठेवून वरचा रस दुसऱ्या बरणीत काढला, तोंड मेणानं बंद केलं. बाबा चाखायलाही तयार नव्हते. म्हणाले, "मांडवातच पिईन."

माघात लग्न. मदतीला चिमीआत्या, बाबांची बहीण, आधीच येऊन राहिली. मी बांगड्या भरायला जव्हारला गेले, बाबा आवतणं द्यायला, आणि परत येते तो काय, अंगणात भट्टी पेटलेली! मडक्यावर मडकं, नळीतून धार गळतेय आणि आत्या घामानं निथळतेय.

"सडवा घालून इसरलीस व्हय पोरी?" ती कौतुकानं म्हणाली. "म्या चढवला. लग्नाला हवीच ना!"

बरणी रिकामी होती. मी इतकी तणतणले की आत्या रडायलाच लागली. तिचं तरी काय चुकलं? सडवा म्हणजे आंबवलेला रस, तो भट्टीवर चढवायचा, एवढंच आमच्या डोंगरात सगळ्यांना ठाऊक.

मांडवात सासऱ्यांनी, ढवळूबाबांनी, तीच दारू पेल्यात भरून बाबांपुढे धरली. मला वाटलं, आता एकतर शपथ मोडणार नाहीतर लग्न. बाबांनी पेला घेतला, वास घेतला.

"जांभूळच हाय," ते हळूच म्हणाले.

पिण्याआधी पूर्वजांसाठी दोन थेंब जमिनीवर सांडायची आमची रीत. बाबांनी पेला कलता केला तो सरळ केलाच नाही. सगळा सांडला.

"पोरीच्या आयशीला," ते म्हणाले. "माझ्या वाटची बी तिलाच."

ढवळूबाबा ओल्या मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी आपलाही पेला तिथंच ओतला आणि बाबांना मिठीत घेतलं.

"झाली सोयरीक," म्हणाले.

मी सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. माझ्या आईच्या वाट्याला एवढा मान कधी आला नव्हता.

पुढच्या वर्षी दाभोशाला मी पुन्हा बरणी घातली. बाबा आले, पहिला पेला प्यायले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "हिच्यापरीस शपथ सोपी होती." वरून आणखी मागितली. आत्या दरसाल यायची आणि बरणीपाशी बसून मुद्दाम विचारायची, "चढवू का गे भट्टीवर?"

दोघंही गेली. आता तसं विचारणारं कोणी नाही, तरी बरणी मी चुलीपासून लांबच ठेवते.