भाजीवरचं तेल टिपणारा बाप

त्या घरात भाजी शिजली तरी लगेच ताटात येत नसे. आधी बाप ड्रॉपर घेऊन पातेल्याशी उभा राहायचा आणि वर आलेलं तेल थेंब थेंब टिपून बेसिनमध्ये सोडायचा. दुधाची साय तर केव्हाच हद्दपार झाली होती. आणि हा सगळा खटाटोप दीड वर्षाच्या लेकीसाठी, घरातल्या लाडक्या छकुलीसाठी!

बाप रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होता. यंत्रात फिरवलेल्या नळीत वर स्वच्छ पिवळसर पाणी दिसायला हवं. पण रोज एखाद-दुसऱ्या नळीत ते दुधासारखं पांढरं निघे. रक्तात वाढलेली चरबी! बारा वर्षं हेच बघून त्याने चरबीची धास्तीच घेतली होती.

इकडे छकुलीचं वजन चार महिने हललं नव्हतं. गाल खरखरीत, ओठ फुटलेले.

"अहो, डॉक्टरीणबाई परत रागावल्या," आई म्हणाली. "वजनाच्या कार्डावरची रेघ आडवी झालीय."

"आत्तापासून सवय लागली, की पुढे हार्टचा त्रास नाही."

"पुढे जायला आधी अंगात काही हवं ना! हात टेकले मी तुमच्यापुढे. तो ड्रॉपर फेकून देईन एक दिवस."

"मी दुसरा आणीन."

वाचकहो, काहीच माहीत नसलेल्याला समजावता येतं. अर्धंच माहीत असलेल्यापुढे मात्र डोकं आपटायची पाळी येते!

शेवटी आईने छकुलीला कडेवर घेतलं आणि थेट लॅब गाठली. लॅबच्या प्रमुख ताई निवृत्तीला आलेल्या, तोंडाने फटकळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कार्ड पाहिलं आणि बापाला हाक मारली. टाकून द्यायच्या रक्ताचे दोन थेंब त्यांनी नळीतल्या मिठाच्या पाण्यात सोडले आणि नळीमागे छकुलीचं कार्ड धरलं.

"वाचता येतंय?"

"नाही. गढूळ आहे."

"आता साबणाचं पाणी घाल."

त्याने घातलं, हलवलं. बघता बघता गढूळपणा गेला आणि लाल पाण्याआडून ती आडवी रेघ स्पष्ट दिसू लागली.

"काय झालं?"

"पेशी फुटल्या."

"का फुटल्या? बोल ना!"

"साबणाने... आवरण विरघळलं." त्याचा आवाज खाली गेला. "ते चरबीचं असतं."

"दुपदरी असतं! एकेका रेणूला पाण्याकडे वळलेलं डोकं आणि पाण्याला पाठ फिरवणाऱ्या दोन शेपट्या. डोकी बाहेर, शेपट्या आत, म्हणून पेशी टिकते. हिच्या मेंदूतल्या तंतूंवर या वयात चरबीचंच वेष्टण चढतंय. अंगात साठवलेली ताकद म्हणजे चरबी. उकडलेलं गाजर भरवतोस ना? त्यातलं अ जीवनसत्त्व तेलातुपाशिवाय नीट अंगी लागत नाही."

"पण ताई, त्या पांढऱ्या नळ्या?"

"त्या आजारी, मोठ्या माणसांच्या! त्यांना पथ्य हवंच. बारा वर्षं तू चरबीचा फक्त बिघाड बघितलास. तिचं काम विसरलास!"

एवढ्यात छकुली बापाकडे बघून हसली आणि फुटलेल्या ओठातून रक्ताचा ठिपका वर आला. बापाने तो बोटाने टिपला.

"अरेरे! माझ्याच हातांनी मी हिला उपाशी ठेवलं!"

त्या संध्याकाळी छकुली सायीसकट दूध प्यायली. पांढऱ्या मिशा घेऊन ती घरभर फिरली. दोन महिन्यांनी कार्डावरची रेघ वर चढली, तेव्हा बाप आनंदाने आईला कार्ड दाखवायला धावला.

"बघितलं," आई म्हणाली. "पण आधीचे चार महिने कुठून आणायचे?"

बंधुभगिनींनो, आपली भीती आपण खुशाल आपल्या ताटात वाढून घ्यावी. लेकराच्या ताटात ती वाढण्याआधी मात्र जाणत्या माणसाला विचारावं, आणि त्याने सांगितलेलं ऐकावंही!