डावीकडचा ब्रेक

सकाळचा चहा कपात तसाच होता, तेवढ्यात भाच्याचा फोन आला.

"मावशी, आईचं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस. ती सारखं तुलाच विचारतेय. होईल तेवढं लवकर ये."

काकूंनी फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. पाठची एकुलती एक बहीण, दूरच्या मोठ्या शहरात अंथरुणाला खिळलेली. मास्तरांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, खिळ्यावरची किल्ली काढली.

"गाडीने जाऊ. जेवायच्या वेळेला तिथे."

"आणि ट्रेन?"

"सकाळची गेली. आता दुपारची, ती पोचते दिवेलागणीला. तोवर बसायचं का हातावर हात धरून?"

मास्तरांनी निम्म्या शहराला गाडी चालवायला शिकवलं होतं. शिकवणीची ती जुनी गाडी अजून त्यांच्याकडेच होती. अशा गाडीत एक गंमत असते. शिकणारा उजवीकडे बसतो आणि शिकवणारा डावीकडे, म्हणून डावीकडेही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. शिकवणी बंद झाल्यावर मास्तर उजवीकडे बसू लागले आणि डावी जागा काकूंची झाली. "त्या ब्रेकवर पाय ठेवू नकोस हं," असं मास्तर दर वेळी बजावत, आणि काकू पाय आखडून बसत.

निदान मास्तरांना तसं वाटत होतं.

मास्तरांना उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय, हे काकूंनी कधीच ओळखलं होतं. चहा ओततानाच कळलं. धार कपाच्या बाहेर जायची. मास्तर म्हणायचे, कपच वाकडा आहे. घरातले सगळे कप एकदम वाकडे कसे झाले, हे काकूंनी विचारलं नाही. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना "आरशात बघ, बाजूला बघ" म्हटलं, त्याला हे कसं विचारायचं? मग रस्त्यात त्याच बडबड करू लागल्या. "केवढा मोठा ट्रक आला हो." "ती शाळेची मुलं बघा." मास्तर हसून म्हणायचे, "रेडिओ लावायची गरजच नाही."

पण ते गावातल्या गावात. आज मोठा रस्ता होता.

"तुमच्या त्या टॅक्सीवाल्या शिष्यांना विचारा ना."

"विचारलं. एक बाहेरगावी, दुसऱ्याची गाडी दुरुस्तीला. अगं, मी असताना टॅक्सी कशाला?"

काकूंना बहीण दिसत होती, उशीवर मान वळवून दाराकडे बघणारी. त्या मुकाट्याने गाडीत जाऊन बसल्या. आजचा एक दिवस निभावून जाईल, असं त्यांनी मनाला समजावलं.

मास्तरांनी आरशात पाहिलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. उजवीकडून शेजाऱ्यांची धाकटी सायकलवर येत होती. काकू "अहो" म्हणणार, त्याआधीच गाडी गचका खाऊन थांबली. पोरगी घंटी वाजवत समोरून निघून गेली. तिला काही कळलंही नाही.

"बघितलंस?" मास्तर म्हणाले. "हात-पाय अजून कसे चालतात ते. वेळेवर ब्रेक लागला."

काकू खाली बघत होत्या. मास्तरांनीही तिकडे पाहिलं. काकूंची चप्पल डावीकडच्या ब्रेकवर होती, घट्ट दाबलेली. आणि त्या ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं.

"परवा चौकातही मीच दाबला होता," काकू हळू म्हणाल्या.

मास्तरांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. मग म्हणाले, "हळू चालवीन. तू सांगत राहा. तुझी बहीण आहे गं."

"तिच्यासाठी कुणाचं पोर नको चाकाखाली." काकूंनी हात पुढे केला. "द्या ती किल्ली. ट्रेनने जाऊ."

दुपारच्या ट्रेनमध्ये दोघं शेजारी बसले. बाहेर मोठा रस्ता रुळांच्या कडेने धावत होता, गाड्या पुढे जात होत्या. काकूंनी तिकडे पाहायचं टाळलं. डबा खाऊन झाला, तोवर फोन वाजला.

"कुठे आहात, मावशी?"

"निम्मं अंतर झालं बघ. आई कशी आहे?"

भाचा म्हणाला, "सावकाश या."

सकाळी 'लवकर ये' म्हणणारा मुलगा आता 'सावकाश या' म्हणत होता. काकूंनी फोन पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिल्या.

"गाडीने आलो असतो तर भेटली असती," मास्तर म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या.

"मला वाटायचं, डोळ्याचं तुला कळलं नाहीये."

"मलाही वाटायचं, तुम्हाला कळलं नाहीये."

स्टेशन जवळ आलं, ट्रेन हळू होऊ लागली. फलाटावर भाचा एकटाच उभा होता. मास्तरांची नजर खाली गेली. काकूंचा पाय ताठ झाला होता. डब्याच्या फरशीवर तो सगळा जोर लावून काहीतरी दाबत होता.

जन्मभर शिष्यांना समजावलं त्याच आवाजात मास्तर म्हणाले, "पाय काढ गं आता. चालवणारा दुसरा आहे."

काकूंनी पाय काढला, आणि मग त्यांना रडू आलं.