होल्डरचं बाळसं

मशीन चालवण्याआधी पडद्यावर तालीम घेणाऱ्या सिम्युलेशनने सकाळपासून दोनशे चौदा धडका मोजल्या होत्या. दर धडकेला पडदा लाल व्हायचा आणि टुंग वाजायचं. तिसऱ्या दिवशी प्रोग्रामरला त्या टुंगचा रागही येईनासा झाला होता. रागवायलासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते.

बायको सकाळीच म्हणाली होती, "तू झोपेत 'आपटलं, आपटलं' ओरडतोस. कोण आपटतं रे एवढं?"

"कुणीच नाही. तीच तर भानगड आहे."

कुणी आपटत नाही याची त्याला खात्री होती. मग प्रोग्राम मशीनवर चढवायचा ना सरळ! पण ज्यावर काम करायचं ते ओतीव कास्टिंग एकुलतं एक होतं आणि दुसरं यायला दीड महिना. खात्री चुकली तर कास्टिंग, मशीन आणि त्याची खुर्ची, तिन्ही एका दमात कामातून गेली असती. न चढवावा, तरी खुर्ची जाणारच होती. साहेब बजावून गेले होते, "चारपर्यंत मशीन सुरू झालं नाही, तर उद्यापासून कानस घे आणि कडा घासत बस. कानस निदान टुंग करत नाही."

त्याने पडद्यावर टूलचा, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा, मार्ग उचलून पाहिला, कास्टिंग फिरवून पाहिलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्वतःही दहा मिनिटं डोळे मिटून बंद राहून पाहिलं. हात लावला नव्हता तो फक्त टूल लायब्ररीला. तिच्यात प्रत्येक टूलची आणि त्याला धरणाऱ्या होल्डरची मापं होती, आणि 'लायब्ररीला हात लावू नये' असा कागद भिंतीवर होता. कागद पिवळा पडल्यामुळे त्याचा मान आणखीच वाढला होता.

अडीचला मशीनवरचे काका चष्मा पुसत आले आणि जन्मात पहिल्यांदा पडद्याकडे बघू लागले.

"हा भोपळा कसला रे?"

"होल्डर आहे, काका."

"आपला होल्डर? एवढं बाळसं कधी धरलं त्याने?"

प्रोग्रामर उठला, मशीनपाशी गेला आणि व्हर्नियरने खऱ्या होल्डरची जाडी मोजली. पन्नास मिलीमीटर. लायब्ररीत ब्याऐंशी. कागदाची क्षमा मागून त्याने नोंदी उघडल्या.

'सेफ्टीसाठी पाच वाढवले.' हा नोकरी सोडून गेलेला पहिला प्रोग्रामर. 'सेफ्टीसाठी आणखी पाच.' दुसरा. 'दहा. रिस्क नको.' तिसरा. आणि शेवटी, 'बारा. मी नवीन आहे.'

ही नोंद दोन वर्षांपूर्वीची होती. खाली त्याचंच नाव होतं.

"कोण रे हा गाढव?" काकांनी विचारलं.

"होता एक."

त्याने पन्नास टाकले. सिम्युलेशन सुरुवातीपासून शेवटपर्यंत निमूट चाललं. एकही धडक नाही. कास्टिंगच्या भिंतीपाशी चार मिलीमीटरची फट स्वच्छ दिसत होती.

तोवर साहेब आले. "टुंग का वाजत नाही? बिघडलं का?"

"दुरुस्त झालंय, साहेब."

काकांनी मान हलवली. "लाल झाल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. ते झोपलं असेल तर?"

"तीन दिवस लाल होतं म्हणून दाबत नव्हता ना, काका?"

"तेव्हा निदान जागं होतं."

साडेतीन वाजले होते. वाद घालण्याइतकी ताकद प्रोग्रामरमध्ये उरली नव्हती. त्याने पडद्यावरचा, कास्टिंग पकडून ठेवणारा व्हाइस मुद्दाम टूलच्या वाटेत सरकवला. टुंग. पडदा लालभडक झाला. काकांचा चेहरा उजळला. साहेबांनीही सुटकेचा श्वास सोडला. व्हाइस परत जागेवर, परत एकदा चाचणी, परत शांतता.

"आता कसं!" म्हणत काकांनी चार वाजायला सहा मिनिटं असताना मशीन सुरू केलं.

होल्डर कास्टिंगच्या भिंतीजवळून गेला. चार मिलीमीटर तर चार मिलीमीटर. कुठे काही आपटलं नाही. पण काम संपेपर्यंत प्रोग्रामरचा तळवा इमर्जन्सीच्या बटणावरून हलला नाही.

साहेब म्हणाले, "खुर्ची राहिली बरं का तुझी." तो "हो" म्हणाला आणि त्याच खुर्चीत जाऊन कोसळला.

"तरी आपले दोन वाढवून ठेव," काका मागून म्हणाले. "सेफ्टीसाठी."

त्याचं बोट दोनच्या आकड्यावर गेलं. थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्याने ते उचललं आणि नोंदीत लिहिलं, 'पन्नास. मोजून लिहिलंय. भीती वाटली तर पुन्हा मोजा.'